डिपस्टिक, नग दोन

नवी डिपस्टिक अचूक बसली, तिच्यावरच्या दोन्ही खुणा केसभरही चुकल्या नाहीत, आणि त्यानंतर गाडी फाटकाबाहेर कधीच गेली नाही.

पण हे झालेलंच नाही असं तूर्त धरून चालू. कारण आत्ता सकाळचे साडेनऊ वाजले आहेत, आणि वजनमापं खात्यातले निवृत्त निरीक्षक पोर्चमध्ये ओणवे होऊन, गाल जवळजवळ फरशीला टेकवून, पाणसळीतल्या बुडबुड्याकडे बघत आहेत. बुडबुडा मधोमध उभा राहायला तयार नाही.

“फरशीला उतार आहे,” निरीक्षक म्हणाले.

“साहेब, एकतीस वर्षं गाडी इथंच उभी आहे. कधी आपण होऊन फाटकापर्यंत गेली का?”

हे विचारणारा पाना. कोपऱ्यावरचं गॅरेज त्याचं. त्याचं खरं नाव त्याला सही करताना तेवढं लागे, बाकीच्यांना तेवढंही लागत नसे. मागच्या खिशात कायम एक पाना असायचा. स्वतःच्या लग्नातही होता, फोटोत दिसतो.

“अर्धा अंश उतार आहे. म्हणजे तेल एका अंगाला जाणार, म्हणजे खूण चुकणार. खूण चुकली की तेल कमी तरी पडणार नाहीतर जास्त तरी होणार. कमी पडलं तर...”

“इंजिन जाम. जास्त झालं तर क्रँक ताक घुसळल्यासारखं तेल घुसळतो, फेस होतो, सील जातात. माहीत आहे साहेब. मी मेकॅनिक आहे.”

“मग फळी आण.”

पाना फळी आणायला गेला. पायरीवर बसून मटार सोलणाऱ्या बाई हसल्या नाहीत, पण हातातली शेंग गरजेपेक्षा जोरात फुटली.

बाई म्हणजे निरीक्षकांच्या पत्नी. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणे. सुरुवातीच्या काळात निरीक्षकांच्या तोंडूनही एकदोनदा ‘हो बाई’ असं निघून गेलं होतं. पुढे दोघांनीही तो विषय काढला नाही.

जुनी डिपस्टिक, म्हणजे तेल मापायची पट्टी, हरवली त्याला आज एकोणीस दिवस झाले होते.

निरीक्षकांची रीत अशी, की सकाळी चहाच्याही आधी गाडीचं बॉनेट उघडायचं. इंजिनाच्या कुशीतली नळी, त्या नळीत बसलेली ती लांब पोलादी पट्टी बाहेर ओढायची, फडक्याने पुसायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा काढायची आणि उजेडाकडे धरून तेल दोन खुणांच्या मध्ये कुठं आहे ते बघायचं. मग नोंदवहीत लिहायचं. नोंदवहीत चार रकाने होते: तारीख, किलोमीटर, तेल, कारण. तेलाचा रकाना भरल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला असल्यामुळे त्यातून पळवाट काढून देणारं वरचं कुणी नव्हतं.

आणि एकोणीस दिवसांपूर्वी त्यांनी बॉनेट उघडलं, तर नळी रिकामी. एक काळं, वाटोळं भोक, आणि ते त्यांच्याकडे बघत होतं.

त्यांनी अवजारांची पेटी उपसली. मग माळा, मग सगळ्या पँटींचे खिसे, पट्टी अर्ध्या मीटरची असून. विसराळू माणसांचे चष्मे फ्रिजमध्ये सापडतात असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, म्हणून फ्रिजही बघितला. फ्रिजमध्ये पट्टी नव्हती याचा त्यांना आनंद झाला. आपण फ्रिज उघडून बघितला, याची भीती वाटली.

मग त्यांनी नळीच्या तोंडाशी फडक्याचा बोळा कोंबला आणि चार दिवस कुणाला काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी जेवताना, मीठ मागावं तशा आवाजात, बाईंना सांगितलं.

“सापडेल,” बाई म्हणाल्या, आणि मीठ पुढे केलं.

सापडली नाही. उलट परवा मुलीचा फोन आला. “रविवारी आम्ही दोघं येतो, बाबा. गाडीबद्दल जरा बोलायचंय.” निरीक्षकांना त्यातला ‘जरा’ आवडला नाही. अख्ख्या नोकरीत ‘जरा बोलायचंय’ म्हणून बोलावून घेऊन कुणी त्यांना बढती दिलेली नव्हती. मुलगी येणार, पोर्चमध्ये उभी राहणार, लहानपणापासूनच्या सवयीने बॉनेट उघडून ‘तेल बघितलंत?’ विचारणार, आणि तिला नळीत फडकं दिसणार. मग जावई अतिशय नम्रपणे हात पुढे करणार आणि किल्ली त्याच्या खिशात जाणार. जावई वाईट नव्हता. म्हणूनच काळजी होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं.

ते दोघं एक वाजता येणार होते. त्याआधी पट्टी तयार हवी होती.

या गाडीचे भाग आता मिळत नसत. पानाने मोडीतल्या एका दुसऱ्याच गाडीची पट्टी आणली होती. “मावसबहीण आहे,” तो म्हणाला, “पण उंचीला जास्त भरते.”

पाना फळी घेऊन आला. ती पुढच्या डाव्या चाकाखाली गेली, गाडी हातभर मागेपुढे झाली, आणि शेवटी बुडबुडा एकदाचा मधोमध येऊन उभा राहिला. मग पाना खाली सरकला आणि त्याने चेंबरचा नट सोडला. जुनं तेल काळ्या दोरीसारखं घमेल्यात पडू लागलं. दोरी बारीक झाली, तुटक झाली, थेंबांवर आली. निरीक्षक थेंब मोजत होते. दोन थेंबांमध्ये वीस सेकंद गेली तेव्हा त्यांनी “बस” म्हटलं. पानाने नवा फिल्टर चढवला, नट आवळला आणि बाहेर येऊन हात पुसत विचारलं,

“जुनी किती लांब होती?”

सोपा प्रश्न होता. पट्टीच्या वरच्या अंगाला एक कॉलर असते. ती नळीच्या तोंडावर टेकते आणि पट्टी किती खोल जायची ते ठरवते. कॉलरपासून टोकापर्यंतची लांबी कळली की मावसबहिणीला तेवढी करून घ्यायची. बाकी खुणा मग तेल ओतून लावता येतात.

निरीक्षकांनी दोन्ही हात हवेत धरले. “एवढी.”

पानाने त्या दोन हातांमध्ये टेप धरली. “पंचेचाळीस.”

“नाही. थांब.” निरीक्षकांनी डोळे मिटले, पट्टी ओढल्याचा आविर्भाव केला, आणि पुन्हा हात धरले. “एवढी.”

“अठ्ठावन्न.”

“पुन्हा लाव.”

“साहेब, टेपचं काही चुकत नाहीये.”

एकतीस वर्षं, रोज सकाळी. हजारो वेळा ती पट्टी या हातांतून गेली होती. बाजारातल्या कुठल्याही तागडीकडे नुसतं बघून, पारड्याखाली चिंच चिकटवली आहे की मेण, हे सांगणारा माणूस. निरीक्षकांचे हात हवेत तसेच राहिले. मग त्यांनी ते कमरेवर ठेवले.

“अंदाजे करू,” पाना म्हणाला. “दोन-तीन सेंटिमीटर इकडेतिकडे.”

“अंदाजे!” निरीक्षकांनी हा शब्द असा उच्चारला, की पानाने खिशातला पाना चाचपून बघितला.

“माझं कोपर ते मधलं बोट,” बाई पायरीवरून म्हणाल्या. “आणि वर चार बोटं.”

त्यांनी मान वर केली नव्हती. अंगठ्याने मटार ढकलून पातेल्यात पाडत होत्या. पाना त्यांच्याजवळ गेला. त्यांनी हात लांब केला, त्याने टेप लावली, वर चार बोटं धरली.

“साडेपन्नास.”

“असेल,” बाई म्हणाल्या.

पाना पट्टी घेऊन गॅरेजात गेला. वीस मिनिटांनी आला तेव्हा कॉलर सरकवून झाळ मारलेली होती आणि टोकाचा जादा तुकडा कापून कानशीने घासलेला होता. पट्टी नळीत घातली. कॉलर बसली. टोक कुठं अडलं नाही, तळाला टेकलं नाही. इतकं नीट बसल्यावर खरं तर माणसाने खूश व्हावं. निरीक्षकांना नेमकं काय खुपतंय ते कळेना, आणि तेवढ्यात तेल ओतायची वेळ झाली.

मापं त्यांनी आतून स्वतः आणली. एक लिटरचं आणि अर्ध्या लिटरचं, पितळी, बुडाशी सील. निवृत्त होणाऱ्याला खातं घड्याळ देतं. निरीक्षकांनी घड्याळाऐवजी ही दोन मागून घेतली होती, आणि त्यासाठी सात वेळा पत्रव्यवहार केला होता.

“डब्यावर खुणा आहेत की साहेब,” पाना म्हणाला.

“डब्यावर चित्रपण आहे. त्या चित्रात गाडी बर्फातून चाललीय.”

पानाने डबा फिरवून चित्र बघितलं.

“गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, फिल्टरसकट साडेतीन लिटर,” निरीक्षक म्हणाले. “साडेतीनला वरची खूण. एक लिटर कमी, म्हणजे अडीचला, खालची. आधी अडीच ओतायचं. एक मिनिट इंजिन चालवायचं, म्हणजे फिल्टर भरेल. मग पंधरा मिनिटं हात लावायचा नाही. वरचं सगळं तेल चेंबरमध्ये उतरू द्यायचं. मग पट्टी.”

पाना नट गळतोय का ते बघायला पुन्हा गाडीखाली गेला. निरीक्षकांनी नरसाळं लावलं, माप काठोकाठ भरलं, श्वास धरून ओतलं, शेवटची तार तुटेपर्यंत माप उलटं धरून ठेवलं. नवं तेल मधासारखं होतं. पुन्हा माप भरलं. फोन वाजला.

“बाबा, आम्ही निघालो,” मुलगी म्हणाली. “एकच्या आधीच पोचू, बाराच्या सुमाराला. काय करताय?”

“काही नाही. बसलोय.”

“आई म्हणाली तुम्ही सकाळपासून पोर्चमध्ये आहात.”

“पोर्चमध्येच बसलोय.”

फोन खिशात ठेवून ते वळले. हातात माप होतं, रिकामं. नरसाळ्यातून तेलाची बारीक तार अजून खाली जात होती. त्यांनी मापाकडे बघितलं, नरसाळ्याकडे बघितलं.

हा पहिला लिटर होता की दुसरा?

फोन आला तेव्हा माप भरलेलं होतं. मग ते बोलता बोलता ओतलं असणार. की बोलायच्या आधी ओतलं, आणि नंतर आणखी एक भरून... नाही. आणखी भरलं असतं तर डब्याचं झाकण... झाकण उघडंच होतं. झाकण सकाळपासून उघडंच होतं. कपाळावरून घाम नाकाच्या शेंड्यावर आला आणि तिथं, नळाच्या तोंडाशी लोंबणाऱ्या थेंबासारखा, पडावं की न पडावं असा थांबला.

“दोन झाले,” बाई म्हणाल्या.

“तुला काय माहीत?”

“मोजत होते.”

“तू का मोजत होतीस?”

निरीक्षक ताडकन आत गेले आणि स्वयंपाकघरातला काटा घेऊन आले. पाच लिटरचा डबा त्यावर ठेवला. दोन किलो आठशे दहा ग्रॅम. रिकाम्या डब्याचं वजन दोनशे, तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला आठशे सत्तर. त्यांनी नोंदवहीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला.

“तीन उरलंय,” भागाकाराची रेघ मारून व्हायच्या आत बाई म्हणाल्या. “म्हणजे दोन गेलं.”

निरीक्षकांनी तरी भागाकार पूर्ण केला. तीन आले. “बरोबर,” ते म्हणाले. माप खरं निघालेल्या दुकानदाराला ते याच आवाजात सोडून देत.

गाडीखालून पानाचा आवाज आला. “काय झालं साहेब?”

“काही नाही. पडताळणी.”

अर्ध्या लिटरचं माप त्यांनी दोन्ही हातांनी ओतलं. पाना बाहेर आला, किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, मग सुरू झालं. एक मिनिट. निरीक्षकांनी हात वर केला, इंजिन थांबलं.

“पंधरा मिनिटं,” ते म्हणाले.

“मग मी बारीक कानस घेऊन येतो. ही फार जाड रेघ मारेल,” पाना म्हणाला आणि गेला.

पोर्चमध्ये दोघंच राहिले. इंजिन थंड होताना टिक टिक करत होतं. निरीक्षक पायरीवर बसले, बाईंपासून एक पायरी खाली. पातेल्यातले मटार बघत राहिले.

कोपर ते मधलं बोट, आणि वर चार बोटं.

बाईंनी ती पट्टी कधी हातात घेतली नव्हती. एकतीस वर्षांत एकदाही नाही. हाताला तेल लागतं, ते आठ दिवस जात नाही, वासही जात नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दुरून बघणारा माणूस सांगेल, लांब होती, बरीच लांब होती. कोपरापासून बोटापर्यंत असं सांगायला ती हाताला लावून धरलेली असावी लागते.

“अगं,” निरीक्षक म्हणाले.

“हं.”

“तू ती हातात कधी घेतलीस?”

बाईंनी सोललेली शेंग बाजूला टाकली. दुसरी घेतली नाही.

“कुठं आहे?”

“माझ्या कपाटात. साड्यांच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून. एक साडी खराब झालीच.” मग सालं गोळा करत, “त्या दिवशी तुम्ही दारातच उभे होतात. शालीखाली हाताला लावून तुमच्या समोरून नेली. टोक बोटाला टोचत होतं.”

निरीक्षकांच्या तोंडून एक आवाज निघाला. हसण्यासारखा होता. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. म्हणजे हरवली नव्हती! त्यांनी हरवली नव्हती. खिसे, माळा, फ्रिज, रात्री डोळे उघडे ठेवून केलेली उजळणी, काल काय जेवलो, परवा काय जेवलो, पहिल्या साहेबांचं आडनाव काय, सगळं फुकट. एकोणीस दिवस ते स्वतःवर खटला चालवत होते आणि चोर घरातच मटार सोलत होता. त्यांना इतकं हलकं वाटलं, की हाताला धरायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी पातेलं धरलं.

“लपवायचंच होतं तर किल्ली लपवायचीस,” ते म्हणाले. आवाजात चक्क कौतुक होतं.

“किल्ल्या तीन आहेत. एक लपवली तर दुसरी घ्याल. तेल बघितल्याशिवाय मात्र तुम्ही गाडी हलवत नाही. आपल्या लेकीच्या वेळी मला कळा येत होत्या तरी आधी तेल बघितलंत. मी फाटकाला धरून उभी होते.”

“भरपूर होतं तेव्हा तेल.”

“हो. तसं तुम्ही मला सांगितलंतही.” बाईंनी हात पुसले. “दुसरी पट्टी मिळत नाही असं पाना म्हणाला होता. तुम्ही घरी मापून तयार कराल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं.”

“मग आज लांबी कशाला सांगितलीस?”

“चुकीची पट्टी घेऊन निघाला असतात, तर रस्त्यात कुठंतरी बंद पडून बसला असतात.” ‘कुठंतरी’वर त्या जरा थांबल्या. “कुठं, ते मला कसं कळणार होतं?”

इंजिन टिक टिक करत होतं. आता टिकटिकींमधलं अंतर वाढलं होतं. निरीक्षकांचा चेहरा अजून हसरा होता. चेहऱ्याला बातमी उशिरा पोचते.

“पण लपवलीस का?” त्यांनी विचारलं.

बाईंनी वाकून पायरीवरची नोंदवही उचलली. शेवटची नोंद काढली आणि त्यांच्या मांडीवर ठेवली. वीस दिवसांपूर्वीचा सोमवार. तेल: ठीक. कारण: औषधे. किलोमीटर: एक्काहत्तर.

“औषधाचं दुकान कोपऱ्यावर आहे,” बाई म्हणाल्या.

निरीक्षक आकड्याकडे बघत राहिले. अक्षर त्यांचंच होतं, सातावरची गाठसुद्धा. त्या सोमवारी ते फाटकातून बाहेर पडले होते ते त्यांना आठवत होतं. मग एक काउंटर आठवत होता, आणि त्यापलीकडचा अनोळखी माणूस, ‘साहेब, बरं वाटतंय ना?’ असं विचारणारा. या दोघांच्या मध्ये काही नव्हतं. बॉनेटखालच्या त्या भोकासारखं. परतताना त्यांनी पेट्रोल पंपावर रस्ता विचारला होता, स्वतःच्याच घराचा, एखाद्या पाहुण्यासारखा. घरी येऊन ‘गर्दी होती’ म्हणाले होते. आणि मग नोंदवही उघडून मीटरवर वाढलेला आकडा जसाच्या तसा लिहिला होता, कारण खोटा आकडा लिहिणाऱ्यांना आयुष्यभर दंड करत आलेल्या हाताला दुसरं काही लिहिता आलं नाही.

“पिशवीवर ज्या दुकानाचं नाव होतं, तसं दुकान आपल्या गावात नाही,” बाई म्हणाल्या. “चार तास. मी फाटकाशी उभी होते. औषध मात्र बरोबर आणलंत.”

निरीक्षकांनी मान डोलावली. कशाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“पंधरा मिनिटं झाली,” बाई हळूच म्हणाल्या.

पाना बारीक कानस घेऊन आला तेव्हा निरीक्षक बॉनेटपाशी उभे होते. त्यांनी पट्टी ओढली, पुसली, बुडवली, काढली. तेल जिथं थांबलं होतं तिथं नख धरलं. पानाने नखाला लागून रेघ मारली. मग आणखी एक लिटर. ओतताना या वेळी ते मोठ्याने “एक” म्हणाले, आणि पायरीवरून बाईही “एक” म्हणाल्या. पानाने दोघांकडे बघितलं आणि त्याला वाटलं असावं की ही खात्याची पद्धत असेल. पुन्हा पंधरा मिनिटं. पानाने बोलून बघितलं, पण ते हवामानाबद्दल होतं.

वरची रेघ मारून झाली. बाई आत गेल्या आणि वर्तमानपत्राची एक लांबट गुंडाळी घेऊन आल्या. ती उघडून त्यांनी जुनी पट्टी बॉनेटच्या कडेवर नव्या पट्टीशेजारी ठेवली, कॉलरला कॉलर लावून.

खालच्या रेघेसमोर खालची रेघ. वरच्या रेघेसमोर वरची. कारखान्याने मारलेल्या आणि पोर्चमध्ये मारलेल्या. मध्ये केसही गेला नसता.

पानाने वाकून दोन्ही कॉलरवरून बोट फिरवलं.

“सापडली?”

“कपाटात होती,” बाई म्हणाल्या.

“मग साहेब, आपण सकाळपासून...”

“पडताळणी,” निरीक्षक म्हणाले.

पाना फळी काखेत घालून निघाला. फाटकाशी थांबून, मागे वळून, “पण हात काय अचूक आहे हो साहेबांचा,” असं बाईंना म्हणाला, आणि त्या जोरात मान हलवून हो म्हणाल्या. फार जोरात.

बारा वाजायला आले होते. कोपऱ्यावर जावयाच्या गाडीचा हॉर्न ऐकू आला. तो वळणावर नेहमी दोनदा वाजवायचा, नियमात असल्यामुळे. निरीक्षकांनी नवी पट्टी नळीत घातली, कॉलर दाबली आणि बॉनेट आवाज न करता बंद केलं. गाडीतली किल्ली काढून बाईंच्या हाती दिली. त्यांच्या बोटांना तेल लागलं. त्यांनी ते पुसलं नाही.

“काय सांगायचं तिला?” बाईंनी विचारलं.

“तेल बघितलंय म्हणून सांग.”

मग ते पायरीवर बसले. नोंदवहीत आजची तारीख टाकली. किलोमीटर: शून्य. तेल: वरच्या खुणेवर. कारणाचा रकाना लहान पडला, म्हणून पान उलटून, फाटक उघडल्याचा आवाज येत असताना, त्यांनी घाई न करता, कचेरीतल्या अक्षरात लिहायला घेतलं:

प्रति,
मा. नियंत्रक,
वजने व मापे कार्यालय.

विषय: मापात कमी भरलेल्या चार तासांबाबत.

महोदय,

अर्जदार आपल्याच खात्यातून निवृत्त झालेला आहे. मागील महिन्यातील एका सोमवारी अर्जदारास दिवसाचे पूर्ण माप मिळाले नसून त्यात चार तासांची तूट आढळली आहे. किलोमीटर भरले, औषध मिळाले, तास मिळाले नाहीत. तुटीबाबत कोणाविरुद्धही तक्रार नाही. अर्जदाराचे हात व डोळे आजच्या तारखेस अचूक असल्याचा पुरावा म्हणून डिपस्टिक नग दोन, एक जुनी व एक नवी, सोबत जोडल्या आहेत. तुलना करून पाहावी. तरी सदर चार तासांची फेरपडताळणी होऊन ते अर्जदारास परत मिळावेत, आणि ते शक्य नसल्यास यापुढील तास तरी काठोकाठ भरून, सीलबंद करून, अर्जदाराच्या पत्नीच्या समक्ष मोजून देण्यात यावेत, ही नम्र विनंती.